जर्नलवर सही दुसऱ्या कुणाची मिळेल का?

प्रश्न थोडक्यात असा. सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेनं तो विचारलाय. त्यांच्याकडे बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी रडत आली. जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, तपासताना एक ज्येष्ठ शिक्षक अंगचटीला येतात, रात्री मेसेज करतात, 'इंटर्नलचं (अंतर्गत गुणांचं) मी बघतो' म्हणतात. कुणाला सांगणार नाही अशी शपथ तिनं आधी घ्यायला लावली. तक्रार करायची नाही म्हणाली. तिला एवढंच हवं होतं की जर्नलवर सही दुसऱ्या कुणाकडून मिळावी. प्राध्यापिका विचारतात, 'मी काय करू? गप्प बसले तर मन खातं, बोलले तर तिचा विश्वास तुटतो, आणि माझी ऑर्डर दर वर्षी नव्यानं निघते.'

मॅडम, मी सांगलीत समुपदेशन करते आणि गेली बरीच वर्षं सांगली-सातारा भागातल्या काही महाविद्यालयांत लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या अंतर्गत समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसते. आपल्याकडे अजून बरेच जण अशा समितीला विशाखा समितीच म्हणतात. तुमचा प्रश्न वाचून पहिल्यांदा बरं वाटलं. मुली असं काही सांगण्याआधी महिना-महिना माणसं जोखत असतात. कोण हसण्यावारी नेईल, कोण स्टाफरूममध्ये बोलून बसेल, कोण सरळ आईला फोन लावेल, हे सगळं बघून तिनं तुम्हाला निवडलंय.

काही वर्षांपूर्वी अशीच एक मुलगी माझ्यासमोर बसली होती. ओळख पटेल असं काही सांगत नाही. मांडीवर जर्नल, त्याला खाकी कागदाचं कव्हर, आणि बोलता बोलता ती त्या कव्हरचा कोपरा नखानं सोलत होती. पाऊण तासात त्या माणसाचं नाव तिनं एकदाच घेतलं. वडिलांचं मात्र सारखं निघत होतं. 'पप्पांना कळलं तर मला परत पाठवणार नाहीत. मामांनी स्थळ आणूनच ठेवलंय.' ती उठली तेव्हा कव्हरचा कोपरा पार गेला होता आणि आतला पुठ्ठा दिसत होता.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट धरून ठेवली आहे आणि तुम्हालाही तीच सांगते. आपल्या भागात मुली गप्प बसतात त्यामागे लाज असतेच, पण त्याहून मोठी भीती कॉलेज सुटण्याची असते. गावाहून एसटीनं येणारी, घरात पहिल्यांदाच बारावीच्या पुढं गेलेली मुलगी असेल तर तिच्या मागं अख्खं घर 'बघू किती दिवस जाते' म्हणून बसलेलं असतं. म्हणून मदत करताना प्रत्येक पावलाला एकच प्रश्न विचारायचा की यानं तिचं शिक्षण चालू राहील का. तुमच्या विद्यार्थिनीनं न्याय मागितला नाही, शिक्षा मागितली नाही, सही मागितली. म्हणजे तिला वर्ष वाचवायचंय. ते मागणं लहान समजू नका. सुरुवात तिथूनच करायची आहे.

आता शपथेचं. शपथ दिली असेल तर पुढच्या भेटीत ती सुधारून घ्या. तिला स्पष्ट सांगा, 'तुला विचारल्याशिवाय मी कुणाकडे जाणार नाही. फक्त तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मी गप्प बसणार नाही, आणि तेही तुला सांगूनच करेन.' मुलींना हे पटतं. आणि जिवाचं विचारायचं ते सरळ विचारायचं. 'मरून जावंसं वाटतं का कधी?' असं विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार येत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून छातीवरचं ओझं उतरतं, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय. ती हो म्हणाली तर तिला एकटी सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. धोका लगेचचा वाटला तर ११२ लावा किंवा तिला सरळ दवाखान्यात न्या.

एक अपवाद मात्र आधी तपासा, तिचं वय. दुसऱ्या वर्षाची आहे म्हणजे बहुधा अठरा पूर्ण असेल. पण आपल्याकडे एकाच आवारात अकरावी-बारावीही असते आणि तिथल्या मुली अठराच्या आतल्या. तिथं पॉक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागतो आणि कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. माहीत असून पोलिसांना कळवलं नाही तर शिक्षक म्हणून तुमच्यावरही गुन्हा होऊ शकतो. ज्युनिअरचे तासही घेत असाल तर हे पक्कं लक्षात ठेवा. अठरा पूर्ण झालेल्या मुलीच्या बाबतीत मात्र निर्णय तिचा.

ऐकताना काय बोलायचं याची फार धास्ती घेऊ नका. 'बरं झालं सांगितलंस', 'यात तुझं काही चुकलेलं नाही', 'आत्ता तुला काय हवंय?' एवढ्यावर भागतं. 'तू एकटी कशाला गेलीस', 'सर तसे नाहीत गं' आणि 'जाऊ दे, विसर' ही तीन वाक्यं तोंडातून जाऊ देऊ नका. आणखी एक वाक्य आहे, ते मी समितीच्या खोलीत शिकल्या-सवरलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय. 'मग त्या वेळी ओरडली का नाहीस?' कराड-पाटणकडच्या माणसासमोर बिबट्या आला आणि तो जागच्या जागी थिजला, तर त्याला कुणी असं विचारतं का? भीतीनं शरीर गोठतं, आवाज फुटत नाही, हात उचलत नाही. त्यातून मुलीला कायम वाटत राहतं की मी काहीच केलं नाही म्हणजे माझीच चूक. हे तिला समजावून सांगा. आठवडाभर झोप न लागणं, पाळी मागंपुढं होणं, लॅबच्या जिन्यापाशी आलं की पोटात गोळा येणं, हेही त्याचंच असतं. ती नाटक करत नाही आणि तिला वेडही लागलेलं नाही.

आता जर्नल. तक्रार न करता हे जमतं का? पुष्कळदा जमतं. प्रॅक्टिकलची बॅच बदलून घेणं, किंवा त्याच विषयाच्या दुसऱ्या शिक्षकांकडून तपासून घेणं. इथं एक चूक बरेच जण करतात, तेवढी टाळा. बॅच बदलायच्या अर्जात 'एसटीची वेळ जुळत नाही' असलं काहीतरी कारण मुलीकडून लिहून घेतात. उद्या तिनं तक्रार करायची ठरवली तर समोरचा तोच अर्ज दाखवतो आणि विचारतो, 'तेव्हा बसचं कारण होतं, आज हे कुठून आलं?' लिहायचंच असेल तर 'वैयक्तिक कारणास्तव' लिहा. खोटं कारण कागदावर नको. आणि विभागप्रमुख त्या शिक्षकांच्या जवळचे असतील तर तिथं जाऊच नका.

पण तिला हेही कळू द्या की ज्या सहीसाठी ती अडली आहे ती तिला हक्कानंही मिळू शकते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे लैंगिक छळाबाबतचे २०१५चे विनियम २०१६ साली राजपत्रात आले आणि ते सगळ्या महाविद्यालयांना लागू आहेत. त्यात चौकशी चालू असताना अंतरिम दिलासा मागता येतो. समितीनं शिफारस केली की त्या शिक्षकाला तिचं काम, चाचणी, परीक्षा तपासण्यापासून दूर ठेवता येतं, तिच्यापासून लांब राहायची ताकीद देता येते, दोघांपैकी एकाचा विभाग बदलता येतो. तिला तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते आणि त्या रजेनं तिचं काही नुकसान होता कामा नये. हे सगळं चौकशीचा निकाल लागायच्या आधी. अडचण अशी की मुलींना हे कुणी सांगतच नाही. समितीचा फलक लावलेला असतो, वरती नावं असतात, पण 'तुझा पेपर तो माणूस तपासणार नाही' हे वाक्य त्यावर नसतं. माझ्या अनुभवात तक्रार करायची की नाही हे ठरतं ते याच वाक्यावर. म्हणून मी मुलीला तक्रारीतच शेवटी लिहायला सांगते की माझं प्रॅक्टिकल, जर्नल आणि इंटर्नल दुसऱ्या शिक्षकांकडे द्यावं. समितीला मग त्यावर विचार करावाच लागतो.

समितीकडे तक्रार करायची मुदत मात्र तिला सांगून ठेवा. घटनेपासून तीन महिने. प्रकार पुन्हा पुन्हा होत असेल तर शेवटच्या घटनेपासून. आजारपण, धाकदपटशा अशी कारणं असतील तर समिती ती लेखी नोंदवून आणखी तीन महिने देऊ शकते. 'विचार करायला वेळ घे' असं आपण मायेनं म्हणतो, पण वेळ संपतो हे न सांगता म्हणणं म्हणजे तिला फसवणं आहे.

निर्णय होईपर्यंत पुरावा जपायचा. तिला म्हणावं, काही डिलीट करू नकोस. किळस येते म्हणून पहिली गोष्ट मुली तीच करतात. स्क्रीनशॉटमध्ये नंबर आणि तारीख दिसायला हवी. नुसतं नाव असेल तर ते कुणीही कुठल्याही नंबरला देऊ शकतं असा आक्षेप येतो. मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय चालू असेल तर लगेच सगळं टिपून घ्यावं. मोबाइल बदलायचा नाही, विकायचा नाही. आणि एक साधी वही करावी, त्यात दिवस, वेळ, जागा, कोण आसपास होतं, आणि त्यानं वापरलेले शब्द जसेच्या तसे. तिनं तुम्हाला कधी सांगितलं, काय शब्दांत सांगितलं, हे तुम्हीही आज तुमच्या डायरीत तारखेसह लिहून ठेवा. घटनेनंतर लगेच कुणाला तरी सांगितलं होतं, याला चौकशीत किंमत असते.

तक्रार लिहायची वेळ आली तर ती तिच्याच मराठीत असू द्या. मी बघितलंय, शिकलेली माणसं मदतीला बसतात आणि 'सदर व्यक्तीने माझ्याशी गैरवर्तन केले' असं एक गुळगुळीत वाक्य तयार होतं, ज्यातून कुणालाच काही कळत नाही. 'जर्नल देताना हात धरून ठेवला, मी ओढला तरी सोडला नाही' हे लिहायला अवघड जातं, पण चौकशी त्यावरच उभी राहते. तिला लिहिताच येत नसेल, हात थरथरत असेल, तर लिहायला मदत करणं समितीचं काम आहे. सहा प्रती कराव्यात. पोच घ्यावी, सही आणि तारखेची.

पुढचा क्रम असा. सात दिवसांत प्रत समोरच्याला जाते, त्याला उत्तराला दहा दिवस, चौकशी नव्वद दिवसांत, अहवाल त्यानंतर दहा दिवसांत, आणि संस्थेनं कारवाई तीस दिवसांत. समितीत निम्म्या तरी बायका हव्यात, अध्यक्ष ज्येष्ठ महिला प्राध्यापक हवी, बाहेरची एक व्यक्ती हवी, आणि प्रकरण विद्यार्थ्याचं असेल तर विद्यार्थी प्रतिनिधीही हवेत. कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख असल्या पदांवरची माणसं तिच्यावर बसू शकत नाहीत. वकील कुणालाच आणता येत नाही, तेव्हा 'तो मोठा वकील लावेल' या भीतीत तिनं राहू नये. आम्ही दोघांना समोरासमोर बसवत नाही, प्रश्न लेखी घेतो, आणि असं तुमच्याकडे होत नसेल तर तिनं तसं लेखी मागावं. 'सिद्ध नाही झालं तर तुझ्यावरच उलटेल' असं कुणी घाबरवलं तर सांगा की नुसतं सिद्ध करता आलं नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. कायद्यातच तसं लिहिलंय. तडजोड तिनं स्वतः मागितली तरच, आणि पैशावर तर कधीच नाही.

समिती म्हणजे पोलीस नव्हेत. तिला दोन्हीकडे जाता येतं, एकाच वेळीही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे, तिथं कलम ७५ लैंगिक छळाचं, ७८ पाठलागाचं. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, तिचं म्हणणं महिला अधिकाऱ्यानं घ्यायचं असतं. मुलगी अनुसूचित जाती-जमातीची आणि समोरचा नसेल, तर ते पहिल्याच जबाबात यायला हवं, अॅट्रॉसिटी लागू शकते. वकिलाचा खर्च नको असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण महिलेला उत्पन्न न बघता मोफत वकील देतं. १५१०० वर चौकशी होते. महिलांसाठीची १८१ हेल्पलाइन आणि जिल्ह्याचं सखी वन स्टॉप सेंटर हेही आहेत. कुठल्या दारातून आत जायचं हे तिनं ठरवावं, आपण दारं दाखवायची.

आता मी एक कळकळीनं सांगणार आहे, कारण दोनदा हातातलं प्रकरण यामुळे गेलंय. मुलीचा भाऊ, चुलतभाऊ, वर्गातली पोरं यांना कळलं की 'हातपाय मोडतो त्याचे' सुरू होतं. राग खरा असतो. पण त्या रात्रीनंतर पोलीस ठाण्यात मारामारीचा गुन्हा पोरांवर असतो आणि मुलगी 'ती, जिच्यामुळं भांडण झालं' एवढीच उरते. तसंच मोर्चाचं. संघटना निवेदन घेऊन येतात, फोटो निघतात, आणि संध्याकाळपर्यंत तिचं गाव, तिचा वर्ग सगळ्यांच्या स्टेटसवर असतो. तिची ओळख जाहीर करायला कायद्यानं मनाई आहे, पण एकदा गावभर झालेलं नाव मनाई करून परत येत नाही. पाठीशी उभं राहणाऱ्यांनी ती विचारेल तेव्हाच पुढं यावं.

घरी सांगायचं का, हाही तिचाच निर्णय. पण सांगायचं ठरलं तर एकटीनं सांगू देऊ नका. त्या कव्हर सोलणाऱ्या मुलीच्या वडिलांना आम्ही बोलावलं तेव्हा ते उसाला पाणी द्यायचं सोडून आले होते, पायाला चिखल तसाच. ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'मग घेऊन जाऊ का हिला?' मी तिचं परीक्षेचं वेळापत्रक त्यांच्यासमोर ठेवलं. बराच वेळ ते त्या कागदाकडं बघत राहिले. मग विचारलं, 'तो मास्तर हिचा पेपर तपासतो का?' अंतरिम आदेशाची प्रत दाखवली. त्यांनी ती बोट ठेवून दोनदा वाचली. 'मग राहू दे हिला.' एवढंच बोलले. मुलगी दाराबाहेर बाकावर बसली होती, तिला ते बाहेर ऐकू गेलं. आईबाप शिक्षण तोडतात ते पुष्कळदा तिला वाचवायचा दुसरा मार्ग दिसत नाही म्हणून. मार्ग कागदावर दाखवला की बरेचसे ऐकतात. सगळे ऐकत नाहीत, हेही खरं.

थोडं बाजूला जाऊन, कारण असे प्रश्न मला वरचेवर येतात. कॉलेजच्या बाहेरचं काय? एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर, सहल, इंटर्नशिप, गॅदरिंग, कॉलेजची बस हे सगळं कॉलेजच्या आवारातच धरलं जातं. शिबिरात जे झालं ते 'गावात झालं' म्हणून समितीनं झटकायचं नाही. कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलीला घरमालकानं त्रास दिला तर मात्र पोलीसच. पोलीस भरतीच्या अकॅडमी, अभ्यासिका, क्लास यांत दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्यांनी स्वतःची समिती करायलाच हवी. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. आणि मुलगे. वसतिगृहात मोठ्या मुलांकडून असले प्रकार सोसलेला मुलगा बहुधा त्याला रॅगिंग म्हणतो, कारण दुसरा शब्द उच्चारवत नाही. विनियमांत मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांचाही विचार आहे. जुन्या दंड संहितेतलं ३७७ कलम मुलांवरच्या जबरदस्तीलाही लागायचं, नव्या संहितेत त्याच्या जागी काही आलेलं नाही, तेव्हा सज्ञान मुलासाठी समितीचं दार आणखीच महत्त्वाचं झालंय. त्याच्याशीही याच शब्दांत बोला.

राहिला तुमच्या ऑर्डरचा प्रश्न. तो स्वार्थी नाही. घर चालवायचं असतं. तक्रारदाराला किंवा साक्षीदाराला त्रास होणार नाही हे बघण्याची जबाबदारी विनियमांनी संस्थेवर टाकली आहे, पण पुढच्या जूनमध्ये ऑर्डर निघालीच नाही तर ते सिद्ध करणं कठीण, हे तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे. म्हणून एकट्यानं हिरो होऊ नका. समितीवरच्या बाहेरच्या सदस्याचं नाव फलकावर असतं. ती व्यक्ती संस्थेच्या पगारावर नसते. मुलीचं नाव न घेता तिला फोन करून 'अशी परिस्थिती आहे, पुढं कसं जाता येईल' एवढं विचारता येतं. मला असे फोन येतात आणि मी ते कुणाला सांगत नाही. साक्ष द्यायची वेळ आली तर 'मुलीनं अमुक तारखेला मला हे सांगितलं' एवढंच सांगा, मताचं काही नको. तुम्ही आरोप करणाऱ्या नसता, ऐकलेलं सांगणाऱ्या असता, आणि संस्थेपुढं तुमची बाजूही त्यामुळं जरा सुरक्षित राहते.

सोमवारी ती आली की आधी तिचं प्रॅक्टिकलचं टाइमटेबल मागून घ्या. त्या शिक्षकांच्या पुढच्या तासाला ती लॅबमध्ये एकटी उरणार नाही अशी एखादी मैत्रीण आहे का, ते तिलाच विचारा. मैत्रिणीला कारण सांगायची गरज नाही. आणि बॅच बदलली, जर्नलवर सही झाली, तरी तिथं थांबू नका. पंधरा दिवसांनी तुम्ही होऊन तिला हाक मारा आणि चहाला घेऊन जा.